हिवाळ्याच्या किटल्या आणि चांगुणेचा उंबरा

मी, रंगुबाई कैलासवासी सावळाराम ताकवणे, वय शाळेच्या दाखल्यावर एक आणि आईच्या सांगण्यावर दुसरे, धंदा घरकाम, राहणार दौंड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र आज दिनांक २० डिसेंबर १९७७ रोजी स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. चष्मा आहे पण नजर चांगली आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही आणि लिहायला बसण्यापूर्वी मी घोटभरही घेतलेले नाही. हे शेवटचे वाक्य वकीलसाहेबांनी सांगितलेले नाही, पण दौंडात माझे नाव ज्या कारणाने माहीत आहे ते बघता लिहून ठेवलेले बरे.

लिहिण्याचे कारण असे, की माणूस आज आहे उद्या नाही, आणि माझ्या मागे माझ्या वस्तूंवरून कोणी कोणाचे केस ओढू नयेत. दुसरे कारण माझी लेक आहे. ते पुढे सविस्तर येईल.

कलम पहिले. माझी माणसे.

माझे यजमान सावळाराम रेल्वेत फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन पेन्शनीत निघाले. कोळशाच्या इंजिनावर थंडीत काम करणाऱ्याची छाती भट्टीसमोर भाजते आणि पाठ वाऱ्याने गारठते. मनमाडहून गाडी आणली की ते घरात शिरून आधी चुलीकडे पाठ करून बसायचे. मी म्हणायची, "आता भाकरी उलटली का?" ते म्हणायचे, "थांब, अजून फुगायची हाय." असा त्यांचा स्वभाव होता. त्यांना जाऊन सात वर्षे झाली. माणूस चांगला होता, घोरायचा मात्र भयंकर.

मला मुले दोन. मुलगा खंडू पिंपरीला कारखान्यात फिटर आहे. मुलगी चांगुणा शिरूरकडे दिलेली आहे. तिचे यजमान जालिंदर, सासरे हौसराव कोहकडे आणि सासू रतनबाई. घोडनदीच्या काठाला त्यांची बागायत आहे, हौसराव सोसायटीचे संचालक आहेत आणि घर माळकरी आहे. स्थळ चांगले म्हणूनच दिली, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कलम दुसरे. माझ्या हिवाळी कारभाराबद्दल खुलासा.

काही लोक म्हणतात, रंगुबाई गुत्ता चालवते. हे धादांत खोटे आहे. मी आयुष्यात कोणाला एक थेंब विकला नाही. माझ्या नावावर सरकारी डॉक्टरच्या शिफारशीने घेतलेला परवाना आहे, त्यावर जेवढी रम मिळते तेवढीच मी आणते. दिवाळीपासून होळीपर्यंत माझ्या मागच्या पडवीत शेगडी पेटते आणि रेल्वे क्वार्टरांच्या लाइनीवरची ओळखीची माणसे, बायकामाणसांसकट, संध्याकाळी तिथे ऊब घ्यायला येतात. सदर परवाना माझ्या मागे वारसाला मिळेल का, असे मी वकीलसाहेबांना विचारले. मिळत नाही म्हणाले. कायद्यात अशा पुष्कळ उणिवा आहेत.

ही विद्या मला शेजारच्या गार्डसाहेबांच्या बायकोने, डोरीनबाईने दिली. ती नाताळात दूध, अंडे आणि रम घालून एक पेय करायची आणि ताप आला की गरम पाण्यात लिंबू, साखर, रम. मी तिची साखर काढून केडगावचा गूळ घातला, आले ठेचून घातले, मिरे घातले. पहिल्या दिवशी ती नाक मुरडून म्हणाली, "रंगू, यू हॅव स्पॉइल्ड इट." आणि मग पेला पुढे केला. पुढे ती मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेली. जाताना तांब्याचे पातेले मला देऊन गेली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले.

कलम तिसरे. कृती.

पेयांना नावे माझ्या यजमानांनी दिली. एकूण चार आहेत. त्यांची कृती मी माझी मुलगी चांगुणा हिला देत आहे, आणि खंडूलाही माहीत असायला हरकत नाही, पण त्याने करू नये. त्याचा हात सढळ आहे.

पॅसेंजर: चार माणसांना पाच पेले पाणी ठेवावे, एक पेला आटतोच. पेराएवढे आले ठेचून घालावे, किसू नये, किसले की चोथा दातांत येतो. मिरे, लवंगा आणि दालचिनीची काडी घालावी. लिंबाएवढा गूळ घालावा. गूळ केडगावच्या बाजारचा, काळपट बघून घ्यावा, पिवळाधमक दिसतो तो नुसता दिसायला. चांगले उकळले की खाली उतरवून झाकण ठेवावे. मग लिंबू पिळावे आणि सगळ्यात शेवटी रम. रम चुलीवर कधीही घालू नये, तिचा जीव वाफेबरोबर निघून जातो आणि आपण उगाच कडू पाणी पितो. हे पेय हळूहळू चढते, सगळ्या स्टेशनांवर थांबते आणि माणसाला घरी सुखरूप पोचवते, म्हणून पॅसेंजर.

मेल: यात पाण्याऐवजी कोरा कडक चहा, गूळ निम्मा, संत्र्याची साल आणि रम पॅसेंजरच्या दीडपट. मधली स्टेशने घेत नाही. माणशी एकच पेला द्यावा, मग तो स्टेशनमास्तर का असेना.

मालगाडी: हे डोरीनबाईचे. अंडे फेसावे आणि गरम दूध त्यात धारेने, ढवळत ढवळत सोडावे. उलटे केले, म्हणजे दुधात अंडे टाकले, तर आमलेट होते. यात साखरच घालावी, गुळाने उकळते दूध नासते, आणि लिंबू तर त्या खोलीतही ठेवू नये. शेवटी रम घालावी आणि वरून जायफळ किसावे. एक पेला प्याला की रात्रीचे जेवण नको.

लाइट इंजिन: गाडी न जोडता नुसते इंजिन जाते त्याला रेल्वेत लाइट इंजिन म्हणतात. पॅसेंजरचाच काढा, फक्त रम नाही. माळकऱ्यांना, पोरांना, आणि ज्याची ड्यूटी आहे त्याला हेच द्यायचे. आमच्याकडे ड्यूटीचे बोलावणे घेऊन कॉलमन कधीही दारात येऊन उभा राहतो, "चला, गाडी आली" म्हणतो. ज्याला बोलावणे येण्याची शक्यता आहे त्याच्या पेल्यात रम गेली, तर मागे शेकडो माणसे बसलेली असतात. यजमान या बाबतीत फार कडक होते. स्वतः पेन्शनीत निघेपर्यंत त्यांनी थेंब घेतला नाही. म्हणून माझ्याकडे दोन सारख्या किटल्या आहेत, ड्रायव्हर इंजिनावर नेतात तशा, आणि कानाला फडकी बांधलेली आहेत. लाल फडके म्हणजे धोका, रम आहे. हिरवे फडके म्हणजे लाइन मोकळी, खुशाल प्या. लाइनीवरच्या शेंबड्या पोरालाही हे सांगावे लागत नाही.

कलम चौथे. जंगम मालमत्ता.

पोस्टातले पुस्तक खंडूला. यजमानांचा हातदिवा, तेलाचा डबा आणि टोपी हीसुद्धा खंडूला, त्याची त्यावर लहानपणापासून नजर आहे. शिवणयंत्र सुनेला, ती ते चालवत नाही तरी. तांब्याचे पातेले, दोन्ही किटल्या आणि जाड काचेचे पेले चांगुणाला.

जायफळाची पितळी किसणी ही माझी असून सध्या शेजारी आनंदराव, निवृत्त तिकीट तपासनीस, यांच्या घरी आहे. त्यांनी ती एका दिवसासाठी नेली त्याला आता बरीच वर्षे झाली. आयुष्यभर लोकांना विनातिकीट पकडले आणि स्वतः माझी किसणी घेऊन बसले. भांडण नको म्हणून ती मी त्यांनाच देणार होते. परंतु ते या मृत्युपत्रावर साक्ष करणार आहेत, आणि वकीलसाहेब म्हणतात की ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष करू नये. तरी आनंदरावांनी किसणी परत आणून द्यावी. मी त्यांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, "रंगुबाई, मी साक्ष करत नाही, मला किसणी ठेवू दे." मी म्हटले, साक्ष तर करायचीच, आणि किसणीही आणायची.

कलम पाचवे. माझी तक्रार, आणि ती कशावरून.

हे कलम लिहायला मी आठ दिवस चालढकल केली.

दुष्काळाच्या सालातली संक्रांत. चांगुणाचा लग्नानंतरचा पहिला सण, म्हणून जावई आणि विहीणबाई यांना मानपानासाठी मी दौंडला बोलावले. हौसरावही आले. रतनबाईंना सर्दी झाली होती, आवाज बसला होता. मी त्यांच्यासाठी खास लाइट इंजिन केले, हिरवे फडके बांधून ठेवले आणि तिळगुळाची ताटे भरायला आत गेले. पडवीत लाइनीवरची पाचसहा बिऱ्हाडे जमली होती, त्यांच्यासाठी लाल फडक्याची किटली भरलेली होती. तिच्यात मेल होती.

आता लाल आणि हिरवा म्हणजे काय, हे रेल्वेत जन्म गेलेल्याला कळते. शेतकऱ्याच्या घरात लाल फडके म्हणजे देवाचे, मानाचे. नारळ गुंडाळतात ते. ज्या इसमाने विहीणबाईंना पेला भरून दिला त्याने साहजिकच मानाची किटली उचलली. त्या इसमाचे नाव मी या कागदावर लिहिणार नाही. तो आमच्या दोन्ही घरांचा मिळून एकुलता एक जावई आहे, एवढेच लिहिते.

रतनबाई एका दमात प्यायल्या. म्हणाल्या, "काढा लई झ्याक हाय. घसा मोकळा झाला बगा. आनखी द्या." आणखी दिला. मी ताटे घेऊन बाहेर आले तेव्हा विहीणबाईंनी पदर खोचला होता आणि पॉइंट्समनच्या बायकोबरोबर फुगडी चालली होती. कोणी तरी म्हणाले, उखाणा घ्या. एरवी नवऱ्याच्या नावाला ओठ न उघडणारी बाई, तिने सगळ्या पडवीला ऐकू जाईल असा घेतला:

"किटलीच्या तोंडातून वाफ निघते भरभर,
हौसरावांच्या घोरण्यानं जागं होतं घर!"

पडवी हशाने फुटली. हौसरावसुद्धा हसले, पण मग डोळे पुसताना त्यांना पेल्याचा वास आला.

दुसऱ्या दिवशी सर्दी गेली होती, आणि अब्रूही गेली असे रतनबाईंचे म्हणणे पडले. कारण उखाणा त्यांच्या आधी एस.टी.ने शिरूरला पोचला. बाजारात भाजीवाल्या त्यांना बघून "निघते भरभर" म्हणू लागल्या. माळकऱ्याच्या घरच्या मानी बाईला हे किती लागले असेल, हे मी समजू शकते. पण त्यांनी जे केले ते मात्र मला अजून पचलेले नाही. त्यांनी निरोप पाठवला, तो असा: "त्या बाईनं जानूनबुजून माजं हसं केलं. तिच्या घराचा उंबरा माजी सून चढायची न्हाई. चढली तर तिनं तिकडंच ऱ्हावं."

मी खरे सांगू शकत होते. किटली कोणी उचलली, हे मी आणि चांगुणाने डोळ्यांनी पाहिले नसले तरी त्या इसमाच्या तोंडाकडे बघून आम्हाला कळले होते. पण नव्या संसारात नवऱ्याला त्याच्या आईच्या तोंडी द्यायचे आणि लेकीने रोज ते निस्तरायचे, हे मला नको होते. मी गप्प बसले. तोही गप्प बसला, आणि याचा मला राग आहे. जावई म्हणून माणूस सोन्यासारखा आहे. आईपुढे मात्र त्याची दातखीळ बसते.

तेव्हापासून माझी लेक या घरात आलेली नाही. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ते झाले नाही. मी डिंकाचे लाडू करून आनंदरावांच्या हाती पाठवले. आम्ही मायलेकी न्हावऱ्याच्या एस.टी. स्टँडवर भेटतो. ती शिरूरहून येते, मी दौंडहून जाते, बाकड्यावर बसून डबा खातो, आणि परतीची गाडी लागली की उठतो. थंडीत मी लाइट इंजिन घेऊन जाते. मागल्या खेपेला नात पारू बरोबर होती, चार वर्षांची झाली आहे. तिने मला विचारले, "आजे, तू ह्या स्टँडवरच ऱ्हातीस का?" चांगुणा तोंड फिरवून हसली, आणि मला दिसले की ती हसत नव्हती.

मला माझी लेक घरात हवी आहे. तिने या चुलीपुढे बसावे, या पडवीत पोरगी खेळवावी, माझ्याशी दोन दिवस सलग भांडावे. मेल्यावर काय करायचे ते या कागदात सगळे लिहिता येते, पण हे लिहायला कायद्यात कलम नाही.

गंमत अशी, की चांगुणा सांगते, रतनबाईंना दर थंडीत सर्दी होते आणि त्या तिला म्हणतात, "तुज्या आईनं दिला हुता तसला काढा कर." ती बिचारी लाइट इंजिन करून देते. त्या पितात आणि म्हणतात, "समदं घातलंस, पर त्याला ती चव न्हाई."

कलम सहावे. स्थावर.

दौंड येथील माझे राहते घर, दोन खोल्या, मागची पडवी आणि परसातले लिंबाचे झाड, हे यजमानांनी माझ्या नावाने घेतलेले असून त्यावर कोणाचा बोजा नाही. सदर घर माझ्या मृत्यूनंतर चांगुणा जालिंदर कोहकडे हिला मिळावे. खंडूला विचारले आहे. तो म्हणाला, "आये, घर ताईला दे. मला काय त्ये पिंपरीला उचलून न्हेता येतंय?"

मी गेल्यावर हे घर "त्या बाईचे" राहणार नाही. ते चांगुणाचे होईल. स्वतःच्या घराचा उंबरा चढायला तिला कोणी बंदी करू शकणार नाही. मी नसेन, पण ती येईल. एवढ्यासाठीच मी हे मृत्युपत्र करत आहे.

येथवर लिहून मी कागद वकीलसाहेबांकडे घेऊन गेले. पुढचा मजकूर महिन्यानंतरचा आहे. वकीलसाहेब म्हणतात, सगळे नव्याने लिहून काढा. मी म्हटले, रेघ ओढून पुढे लिहिते, जे घडले ते घडले तसे राहू दे.

वकीलसाहेबांनी सहावे कलम दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "रंगुबाई, लेकीनं घरात यावं म्हणून तुम्ही मरायची वाट का बघताय?"

मी म्हटले, "म्हणजे?"

"मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. बक्षीसपत्र केलंत तर आजच लागू होतं. घर तिचं, तुम्ही हयात, आणि राहता तिथेच."

मी कागद ओढून सहावे कलम पुन्हा वाचले. सातवी पास झालेली बाई मी, आणि माझ्या डोक्यात हे आले नाही. आपण मेल्याशिवाय कोणाला काही देता येते, हेच मी धरलेले नव्हते.

खंडूला तार केली, तो रजा काढून आला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रजिस्टर कचेरीत जाऊन बक्षीसपत्र झाले. नक्कल मी न्हावऱ्याच्या स्टँडवर चांगुणाच्या हातात दिली. ती वाचत राहिली. मग म्हणाली, "आये, आता तू माज्याकडं ऱ्हातीस?" मी म्हटले, "व्हय. भाडं मागू नकोस." त्या दिवशी आम्हा दोघींचीही गाडी चुकली.

पुढचे जालिंदरने केले. मी त्याच्याबद्दल वर जे लिहिले आहे ते खोडत नाही, पण हेही लिहिते. त्याने बक्षीसपत्राची नक्कल आईपुढे ठेवली आणि म्हणाला, "आये, दौंडचं घर आता चांगुणाचं हाय. आन् दुसरं म्हंजी, संक्रांतीला लाल फडक्याची किटली म्या उचलली हुती. मला वाटलं मानाची हाय. तिच्या आईची काय चूक न्हाई."

चांगुणा सांगते, रतनबाईंनी आधी कागद उलटसुलट करून बघितला. घरातले सगळे पळायच्या तयारीत होते. मग त्या म्हणाल्या, "येवढी वर्सं मेल्या गुळणी धरून बसलास व्हय? मी हिकडं त्या बाईला रोज शिव्या घालतीय." आणि जरा वेळाने, "म्हंजी त्ये घर आता आपलंच झालं म्हना की." आणि मग, "आपलं घर बगाया नको का?"

आज २२ जानेवारी, रविवार. चांगुणाने आपल्या घरी संक्रांतीचे हळदीकुंकू केले. मी विधवा, मला ते करता येत नव्हते, या घराला इतकी वर्षे हळदीकुंकू माहीत नव्हते. लाइनीवरच्या सगळ्या बायका आल्या. दुपारच्या एस.टी.ने माझी लेक आली, उंबऱ्यावर थांबली, आणि पारूला म्हणाली, "उजवं पाऊल टाक गं." मी आत उभी होते. मला वाटले होते मी रडेन, पण मला इतका आनंद झाला होता, की मी पारूला उचलून सगळे घर दाखवत सुटले, मोरीसकट.

तिच्या मागून रतनबाई आल्या. माझ्याकडे बघितले नाही. भिंतींकडे बघितले, आढ्याकडे बघितले, परसात जाऊन लिंबाचे झाड बघून आल्या. "पडवीला चुना मारायला झालाय," म्हणाल्या. नाक लाल झालेले, आवाज बसलेला. सर्दी होती.

मी म्हटले, "विहीणबाई, बसा, काढा टाकते. साधाच. बिनरमचा." आणि उठून शेगडीकडे निघाले.

त्यांनी माझा हात धरला आणि मला पाटावर बसवले. म्हणाल्या, "तुमी बसा. माज्या सुनंचं घर हाय ह्ये. पाव्हण्या मानसानं चुलीम्होरं जायाचं नसतं." मग पदर खोचला, आले ठेचायला घेतले आणि माझ्याकडे पाठ करून विचारले, "कंदी घालायची त्ये सांगा. चुलीवर का उतरल्यावर?"

मी म्हटले, "उतरल्यावर."

"आन् किती?"

"तुमच्या घरात माळ आहे, विहीणबाई."

"माळ ह्यांच्या गळ्यात हाय. माज्या गळ्यात सर्दी हाय."

चांगुणा हसता हसता खाली बसली. मी पॅसेंजरचे माप सांगितले. विहीणबाईंनी एक पेला घेतला, दुसरा मागितला नाही, आणि उखाणाही कोणी घ्यायला सांगितला नाही. आनंदराव किसणी घेऊन आले होते, पॅसेंजरमध्ये जायफळ लागत नाही हे ऐकून ती पुन्हा खिशात घालत होते. मी हात पुढे केला, तेव्हा दिली.

सबब, सहावे कलम आता लागू नाही, कारण सदर घर माझे नाही. मी तिथे लेकीच्या मेहेरबानीने राहते आणि मजेत राहते. पाचव्या कलमातली तक्रार मी मागे घेते. बाकीची कलमे कायम आहेत. माझ्या दिवसाला गोडाधोडाचे करावे, आणि माझा दिवस थंडीत आला तर पडवीत शेगडी पेटवावी. ज्याची ड्यूटी असेल त्याला लाइट इंजिनच द्यावे. हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, वाचले, साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली. सही झाल्यावर मी एक पेला घेणार आहे, आधी नाही.

सही: रंगुबाई सावळाराम ताकवणे

साक्षीदार:

१. आनंदराव, निवृत्त तिकीट तपासनीस, राहणार दौंड. सही केली आहे. या मृत्युपत्राने त्यांना काहीही मिळत नाही.

२. रतनबाई हौसराव कोहकडे, राहणार घोडनदीकाठ, तालुका शिरूर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याला गूळ लागलेला असल्याने ठसा फिसकटला आहे, तरी तो त्यांचाच आहे. पुसून पुन्हा उमटवायला त्यांनी नकार दिला.

दिनांक: २२ जानेवारी १९७८

ठिकाण: सौ. चांगुणा जालिंदर कोहकडे यांचे घर, दौंड